पंपाने न उतरणारा दमा

आमच्या चाळीतील एक ताई दोन वर्षे दम्याची औषधे घेत होत्या. पंप झाला, गोळ्या झाल्या, कोणी सांगितलेला काढाही झाला. दम मात्र वाढतच गेला. जिना चढताना त्यांच्या श्वासाचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येई. २०२१ साली कोरोनात त्या बारा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या, हे डॉक्टरांना सांगायचे कोणाला सुचलेच नाही. आम्हीही ‘पंप नेमाने घ्या’ एवढेच सांगत राहिलो. शेवटी मोठ्या रुग्णालयात घशातून दुर्बीण घातली तेव्हा कळले, हा दमा नव्हेच. श्वासनळी आकसली होती.

दोन्हींतला फरक समजून घेऊ. दम्यात फुफ्फुसातील बारीक नळ्या आवळतात. बहुधा श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते, त्रास कमी-जास्त होतो आणि पंपाने आराम पडतो. श्वासनळी अरुंद झाली की आवाज गळ्यातून, बहुधा श्वास आत घेताना येतो. पंपाने फरक पडत नाही, कारण तेथे वण धरलेला असतो.

व्हेंटिलेटरच्या नळीच्या दाबाने आत जखम होते. ती भरताना नळी आकसते. त्रास काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सुरू होतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. श्वासनळीचा क्षय, गाठ किंवा वाढलेला गलगंड यांनीही असे होते. काही स्त्रियांत कारण सापडतच नाही.

छातीचा साधा एक्स-रे चांगला दिसला तरी निर्धास्त राहू नये. फुंकण्याच्या तपासणीत श्वास आत घेण्याचाही आलेख काढतात. दुर्बीण आणि सीटी स्कॅनने नक्की कळते. उपचार म्हणजे फुग्याने वा लेसरने नळी रुंद करणे. ती पुन्हा आकसू शकते, तेव्हा काहींना अरुंद तुकडा काढून टोके जोडावी लागतात. ताईंचे तसेच केले. आता त्या पाण्याची कळशी घेऊन जिना चढतात.

मात्र हे वाचून कोणी आपला पंप बंद करू नये. दमा खराच असणारे पुष्कळ आहेत. औषध नियमित घेऊनही गुण येत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या किंवा कान-नाक-घसा विभागात दाखवा. जुने डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. बसल्या जागी घरघर होत असेल, बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.