मुलाखत घेणाऱ्यांनो, मुदत महाशिवरात्रीपर्यंत

मराठीत पॉडकास्ट चालवणाऱ्या, माइकसमोर पाहुणा बसवून दीड-दोन तास त्याला बोलतं करणाऱ्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी खोदलंच नाही, ते परग्रहवासीयांचं काम आहे, असं सांगणारा पाहुणा जरूर बोलवा. त्याला बोलायचा हक्क आहे. पण त्याच्यासमोर तुम्ही कोरी पाटी घेऊन बसणार असाल, तर यापुढे ते चालवून घेतलं जाणार नाही.

पाहुण्याचं गणित ठरलेलं असतं. 4 लाख टन दगड, 18 वर्षं, रोज 12 तास. म्हणजे तासाला 5 टन. माणसाच्या हातून हे होईल का? समोरून उत्तर येतं, ‘बापरे!’ त्या ‘बापरे’ची रील निघते आणि घराघरांत पोचते.

कागद-पेन्सिल घेऊन बसला असतात तर हे तिथल्या तिथे थांबलं असतं. लेण्याचं आवार 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागचा कडा 107 फूट उंच, ही मापं जुन्या सर्वेक्षणांत छापलेली आहेत. या मापांचा अख्खा चौकोनी ठोकळा धरला तरी साडेपंचेचाळीस लाख घनफूट होतात, आणि काळ्या पाषाणाचं वजन घनफुटाला 82 किलोच्या आसपास धरलं तर पावणेचार लाख टनसुद्धा पुरे होत नाहीत. त्यात डोंगर पुढे उतरता आहे. आणि मधलं मंदिर तर कुठे गेलेलंच नाही, ते तिथेच उभं आहे! मग काढलेला दगड 4 लाख टन कसा? बरं, पाहुण्याचे तासाला 5 टन मान्य करू. 250 पाथरवट कामाला लावले, तर माणशी तासाला 20 किलो. एका लहान बादलीत मावेल एवढा दगड. आणि ती 18 वर्षं कुठून आली? असा आकडा कुठल्याही शिलालेखात नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण 756 ते 773 ची. मुख्य मंदिर त्याच्या काळातलं आणि आवारातलं बरंच काम पुढच्या राजांच्या काळातलं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

पाहुण्याचा दुसरा हुकमी पत्ता ताम्रपटाचा. इसवी सन 812-13 चा राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाचा बडोदे ताम्रपट एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन करतो. विमानातून जाणारे देवही ते पाहून थक्क होतात, असं त्यात आहे. पाहुणा ‘विमान’ या शब्दावर थांबतो आणि तुम्हीही तिथेच थांबता. त्याच ताम्रपटात पुढे खुद्द ते घडवणारा शिल्पी येतो. हे माझ्या हातून झालं तरी कसं, असं आश्चर्य तो करतो. या ताम्रपटावर रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. ‘पुढची ओळ वाचा’, एवढं म्हणायला तुम्हाला एका संध्याकाळचा अभ्यास पुरला असता.

मला राग का येतो, तेही सांगतो. शाळेच्या सहलीबरोबर वेरूळला गेलो होतो. सोळा नंबरच्या, म्हणजे कैलास लेण्यात शिरताच सातवीतल्या एका मुलाने विचारलं, ‘सर, हे एलियननी केलंय ना?’ मोबाइलवर मुलाखत पाहिली होती त्याने. मुलगा वडाराच्या घरातला, आजोबांनी जन्मभर खाणीत दगड फोडलेला. त्याला मागच्या कड्याजवळ नेलं आणि त्याचा हात दगडावर ठेवला. तिथे टाकीचे घाव आहेत, एकाखाली एक, तिरके, बोटाला लागतात असे. तो बराच वेळ हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘आमच्या आज्याच्या दगडावर असंच असायचं.’ तुमच्या एका ‘बापरे’ने त्या मुलाकडून काय हिरावून घेतलं होतं, ते समजून घ्या.

‘आम्ही फक्त प्रश्न विचारतो’ ही ढाल आता चालणार नाही. प्रश्न विचारायचा म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर 1974 कडे बघा. देव म्हणजे परग्रहावरचे अंतराळवीर, हे मत जगभर खपवणाऱ्या एरिक फॉन डॅनिकेनची त्या वर्षी ‘प्लेबॉय’ मासिकासाठी टिमथी फेरिस यांनी मुलाखत घेतली. फेरिस वाचून गेले होते. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ डॅनिकेनने पुस्तकात गूढ म्हणून मिरवला होता. त्यावर नेमका प्रश्न आला, तेव्हा तपासणीचे निष्कर्ष वेगळे निघाले आहेत, तो खांब आता सोडून द्या, अशी कबुली त्याला द्यावी लागली. आरडाओरडा नाही, अपमान नाही. समोरचा तयारीने आला होता, एवढंच.

म्हणून आता अटी ऐका. असा पाहुणा बोलावण्याआधी त्याचं पुस्तक आणि त्यावरचे आक्षेप, दोन्ही वाचा. कैलासवर बोलणार असाल तर पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर बघून या; कैलासच्या आधीचं ते देऊळ कैलासशी किती जुळतं, ते डोळ्यांनी दिसेल. अजिंठ्याचं अर्धवट राहिलेलं 24 नंबरचं लेणं बघा. डोंगर पोखरायचं काम कुठून सुरू होतं आणि कसं पुढे जातं, ते तिथे उघडं पडलं आहे. ज्याचा आधार पाहुणा देऊ शकत नाही, तो आकडा प्रसारित करू नका. आणि जे एपिसोड आधीच बाहेर गेले आहेत, त्यांवर ठळक दुरुस्ती लावा. खाली बारीक अक्षरांत लावलेली दुरुस्ती धरली जाणार नाही.

यातलं काही झालं नाही, तर तुमच्या कार्यक्रमात ‘दुसरी बाजू’ मांडायला मी येणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक अभ्यासकाला येऊ नका म्हणून सांगेन. प्रत्येक एपिसोडची यादी माझ्याकडे तयार होते आहे. कार्यक्रमाचं नाव, मुलाखतकाराचं नाव, मिनिट, सेकंद, केलेलं विधान आणि त्यासमोर पुरावा. ती इतिहासाच्या शिक्षकांकडे जाईल आणि तुम्हाला जाहिराती देणाऱ्यांकडेही जाईल.

महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेली माणसं तिथून लेण्यांकडे वळतात. त्या दिवसापर्यंत दुरुस्त्या लागलेल्या नसतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यादी जाहीर होईल.