गूळ, साखर आणि गव्हाची बर्बन

साप्ताहिक सदर : चव आणि मोल
वारणानगर

वारणा खोऱ्यातल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. उसाच्या एकाच रसापासून साखर होते आणि गूळही होतो, पण चव सांगायला बसलं तर साखरेचं वर्णन एका शब्दात संपतं. ती गोड असते. कोडोलीच्या उसाची साखर आणि ब्राझीलच्या उसाची साखर जिभेवर ठेवून वेगळी ओळखता येणार नाही, कारण उसाचं स्वतःचं जे काही होतं ते काढून टाकणं हेच कारखान्याचं काम. गुळाचं उलटं असतं. जमीन कुठली, ऊस आडसाली की खोडवा, रस किती स्वच्छ केला, गुळव्यानं काहिल नेमकी कधी उतरवली, हे सगळं रव्यात, म्हणजे गुळाच्या ढेपेत, उतरतं. म्हणूनच कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे माल बघून होतात, आणि म्हणूनच कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळू शकलं. दारूची चव आणि तिची किंमत यांचा हिशेब मला याच फरकावर मांडायचा आहे.

निमित्त आहे गव्हाच्या बर्बनचं. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारनं अमेरिकी बर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या दुकानांत ही दारू जरा जास्त दिसेल आणि तिच्याबद्दल जरा जास्त बोललं जाईल. बर्बन म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की. कायद्यानं तिच्यात किमान 51 टक्के मका लागतो. उरलेल्या भागात थोडं मोड आणलेलं बार्ली असतं आणि बहुधा राय असते. ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. थंड मुलखात पिकणारं, गव्हाच्या गोतावळ्यातलं, चवीला तिखटसर धान्य आहे. काही मोजके उत्पादक रायऐवजी गहू घालतात. तीच गव्हाची बर्बन. यातलं सर्वांत ओळखीचं नाव मेकर्स मार्क. तिचं धान्याचं प्रमाण 70 टक्के मका, 16 टक्के गहू आणि 14 टक्के बार्ली, असं उघडपणे सांगितलं जातं. 1953 साली केंटकीतल्या लोरेटो गावची जुनी डिस्टिलरी विकत घेणाऱ्या बिल सॅम्युअल्स यांनी हे प्रमाण ठरवताना दारू गाळण्याऐवजी पाव भाजून पाहिले, असं त्या घराण्यात सांगतात. दारू मुरायला वर्षं लागतात, पाव तासाभरात तयार होतो. धान्याची चव आधी धान्यातच शोधायची, ही त्यामागची समज आपल्याकडच्या कोणत्याही सुगरणीला पटेल.

गव्हानं चवीत नेमकं काय होतं? माझं मत असं की गहू स्वतः फारसा बोलत नाही. तो दुसऱ्यांना बोलू देतो. राय घातली की मिरी-लवंगेच्या अंगानं जाणारा एक झणका येतो आणि तो पुढे उभा राहतो. गहू घातला की तो झणका जातो, मक्याचा गोडवा मोकळा होतो आणि लाकडातून आलेली व्हॅनिला, करपवलेली साखर, भाजलेला सुकामेवा अशी छटा स्पष्ट होते. सौम्य, मऊ, गोलसर, असे शब्द तिच्यासाठी वापरले जातात ते खोटे नाहीत. पण ते पूर्णही नाहीत. ज्याला व्हिस्कीत कणा हवा त्याला ही बर्बन सपक वाटू शकते, आणि त्याची तक्रार चूक म्हणता येणार नाही. तांबडा रस्सा आवडणाऱ्याला पांढरा रस्सा कमी तिखट का, असं विचारण्यात अर्थ नसतो. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो गंभीर आहे. बर्बनची बरीचशी चव पिंपातून येते. कायद्यानं पिंप नवं आणि आतून जाळलेलं ओकचंच लागतं. मग 16 टक्के गव्हाला एवढं महत्त्व कशाला? डोळे बांधून चाखायला दिलं तर कितीजणांना गहू ओळखता येईल? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. लाकूड हा मोठा वाटेकरी आहे. पण धान्याचा वाटा उरतो कसा, हे पाहिलं की खरी गोष्ट हाती लागते. बर्बन 80 टक्के अल्कोहोलपेक्षा वर गाळायला कायद्यानं बंदी आहे. पिंपात भरताना ती 62.5 टक्क्यांच्या वर चालत नाही. रंग किंवा स्वाद बाहेरून घालता येत नाही. ऊर्ध्वपातन जितकं वर न्याल तितका कच्चा माल मागे पडत जातो. मर्यादा घातली म्हणून मका मका राहतो आणि गहू गहू राहतो. गुऱ्हाळात काहिल वेळेत उतरवण्यासारखंच हे आहे. चव राखायची तर कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

आता आपल्याकडच्या बाटलीकडे या. भारतात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बहुतेकांचा पाया एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल हा असतो. ते सुमारे 96 टक्क्यांपर्यंत गाळलेलं असतं. नावातच न्यूट्रल आहे: कच्च्या मालाची ओळख पुसून टाकलेलं. ते मळीपासून केलेलं असो की तुकडा तांदळापासून की मक्यापासून, या टप्प्यावर जिभेला फरक कळणं जवळजवळ अशक्य. मग त्यात पाणी, थोडं माल्ट स्पिरिट, कधी थोडी स्कॉच, आणि रंगासाठी कॅरॅमल. युरोपात व्हिस्की म्हणायची तर धान्यापासूनची हवी आणि किमान तीन वर्षं लाकडात मुरलेली हवी. आपल्या नियमांत मळीच्या स्पिरिटलाही व्हिस्की म्हणता येतं. हा मळीचा अपमान नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मळीपासून जगातल्या उत्तम रम होतात आणि त्या रम म्हणूनच मिरवतात. आक्षेप मळीवर नाही, तिचं नाव लपवण्यावर आहे. आणि त्याहून मोठा आक्षेप, चव आधी पुसून मग बाहेरून लावण्यावर आहे. न्यूट्रल स्पिरिट ही दारूतली साखर आहे आणि बर्बन हा दारूतला गूळ.

हा फरक ध्यानात घेतला की किमतीचा प्रश्न सरळ होतो. गुळाच्या बाबतीत दोन रव्यांच्या दरात फरक असण्याला कारण असू शकतं, कारण दोघांच्या चवीत फरक असतो. साखरेच्या दोन पोत्यांत, दाण्याचा आकार सोडला तर, असं कारण सापडत नाही. त्याच न्यायानं न्यूट्रल स्पिरिटच्या दोन बाटल्यांमधला मोठा फरक बहुतांशी काच, खोका, जाहिरात आणि करश्रेणी यांचा असतो. गव्हाच्या बर्बनच्या चवीवर निदान भांडता येतं, एवढं तिचं मोल नक्की आहे.

पण बर्बनच्या बाजारातही सगळं रास्त आहे असं मी म्हणणार नाही. उलट गव्हाच्या बर्बनमध्येच किमतीचा सर्वांत मोठा घोळ आहे. डब्ल्यू. एल. वेलर आणि पॅपी व्हॅन विंकल ही दोन नावं घ्या. दोन्ही आज बफेलो ट्रेस या एकाच डिस्टिलरीत, गव्हाच्या एकाच धान्यप्रमाणातून होतात. फरक पिंपांच्या निवडीचा आणि मुरण्याच्या काळाचा. पॅपीची सर्वांत जुनी बाटली 23 वर्षांची असते. तितक्या काळात पिंपातला अर्ध्याहून अधिक ऐवज हवेत उडून जातो, म्हणजे किंमत वाढायला खरं कारण आहे. तरीही कंपनीनं सुचवलेली किंमत शेकडो डॉलरची असताना ती बाटली पुढे हजारो डॉलरना फिरते. 2013 साली केंटकीत पॅपीच्या दोनशेहून अधिक बाटल्या चोरीला गेल्याची बातमी जगभर छापून आली, तिनंही ही हाव वाढवली. ज्या स्टिटझेल-वेलर डिस्टिलरीत व्हॅन विंकल घराण्याची परंपरा घडली ती 1935 साली सुरू झाली आणि 1992 साली बंद पडली. जुना साठा संपत गेला तशी दंतकथा वाढत गेली. माझ्या मते नव्या ओकच्या पिंपात वीस-वीस वर्षं राहिलेल्या बर्बनमध्ये लाकडाचा तुरटपणा वरचढ होऊ लागतो, आणि गव्हाचा जो मऊपणा शोधायला माणूस निघाला तोच झाकला जातो. सहा-सात वर्षांची, अमेरिकेत तीसेक डॉलरला मिळणारी बाटली या धान्याबद्दल जास्त खरं सांगते.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. गुळाच्या बाजारात वर्षानुवर्षं पिवळ्याधमक रंगाला जास्त दर मिळाला, म्हणून काहिलीत रंग उजळवणारं हायड्रोस हे रसायन पडत राहिलं. तपकिरी, खमंग, स्वच्छ गूळ मागे पडला. ग्राहक रंगाला चव समजला. बर्बनचा ग्राहक दुर्मिळतेला चव समजतो, आपला ग्राहक सोनेरी लेबलाला. तिन्ही ठिकाणी पैसे मोजले जातात ते जिभेला न कळणाऱ्या गोष्टीसाठी.

महाराष्ट्रात हा विषय आज मांडायला आणखी एक कारण आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचे कर वाढवले आणि महाराष्ट्र मेड लिकर नावाचा नवा प्रकार आणला. राज्यातल्या उत्पादकांनी केलेली, धान्यापासूनची दारू. 180 मिलिलिटरची किमान किंमत देशी मद्याला 80 रुपये, या नव्या प्रकाराला 148, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205 आणि प्रीमियम विदेशी मद्याला 360 रुपये ठरली. धान्यापासूनची, हे शब्द ऐकायला चांगले आहेत. पण कोणतं धान्य आणि ते किती टक्क्यांपर्यंत गाळलेलं, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना चवीच्या बाजूनं काहीच वजन नाही. 2007 साली राज्यानं ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला. तो वाद अन्नाचा, सार्वजनिक पैशाचा आणि व्यसनाचा होता, आणि तसाच असायला हवा होता. ज्वारीच्या चवीचा प्रश्न त्यात येण्याचं कारणच नव्हतं, कारण 96 टक्क्यांवर ज्वारी उरतच नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. दारूनं घरं मोडतात. मग तिच्या चवीची आणि लेबलाची चर्चा करणं म्हणजे तिला प्रतिष्ठा देणं नव्हे का? गावोगावी बाटली आडवी करणाऱ्या बायकांसमोर हा प्रश्न उडवून लावण्याची माझी तयारी नाही. दारू अपायकारक आहे आणि गव्हाची बर्बनही त्याला अपवाद नाही. राज्यात अशी दारू प्यायला वयाची पंचविशी लागते, ती मर्यादा योग्य आहे. पण अपारदर्शकपणानं दारू कमी झाल्याचा अनुभव कुठे आहे? चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली. बंदी हवी की नको यावर मतभेद राहतील. मात्र जोवर सरकार परवाना देतं आणि प्रत्येक बाटलीवर महसूल घेतं, तोवर बाटलीत काय आहे हे सांगायला लावणं ही त्याचीच जबाबदारी आहे. खाद्यतेलाच्या पिशवीवर तेल कशाचं हे लिहावं लागतं, त्यानं तळण वाढलं असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. 148 रुपयांची बाटली घेणाऱ्याला धान्य आणि टक्केवारी यांच्याशी काय देणंघेणं, असं म्हणतात. मला हे पटत नाही, आणि वारणेत राहणाऱ्या कुणालाच पटू नये. इथला शेतकरी रोज सकाळी दूध घालतो तेव्हा फॅट आणि एसएनएफ बघून त्याला दर मिळतो. ऊस घालतो तेव्हा दर साखर उताऱ्यावर ठरतो. 2025-26 च्या हंगामाचा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 355 रुपये आहे, तो 10.25 टक्के उताऱ्याला बांधलेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी या माळावर कारखाना आणि दूध संघ उभे केले तेव्हापासून इथल्या दोन पिढ्या मोजमापाच्या भाषेत व्यवहार करतात. जो माणूस विकताना दशांश चिन्हापर्यंत मोजला जातो, त्याला विकत घेताना न्यूट्रल स्पिरिट या दोन शब्दांवर समाधान मानायला का सांगावं?

म्हणून मागणी साधी आहे. लेबलावर तीन ओळी हव्यात: कच्चा माल कोणता, किती टक्क्यांपर्यंत गाळलं, लाकडात किती काळ ठेवलं. काहीच काळ ठेवलं नसेल तर तसं लिहावं. महाराष्ट्र मेड लिकरचा प्रकार अजून नवा आहे, तोवर त्यात 80 टक्क्यांच्या आत गाळलेल्या, एकाच धान्याच्या मद्यासाठी वेगळा वर्ग करता येईल. ज्वारीची असेल तर ज्वारीची, मक्याची असेल तर मक्याची. शेजारी गोव्यात काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारण फेणीत काजूच्या बोंडाचा वास शेवटपर्यंत राहतो. गुळापासून गाळलेल्या मद्यालाही असाच स्वतंत्र वर्ग हवा, आणि त्यात रंग घालायला बंदी हवी. मळीची दारू मळीची म्हणून विकली जावी, आणि तिला चांगला दर मिळाला तर तो तिच्या चवीनं मिळावा.