विचाराने हलणारा हात आणि आपल्या चार पायऱ्या

मे 2012 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या कॅथी हचिन्सन यांना पक्षाघातामुळे सुमारे पंधरा वर्षे हातपाय हलवता येत नव्हते, बोलताही येत नव्हते. त्यांच्या मेंदूच्या, हालचाल घडवणाऱ्या भागात औषधाच्या लहान गोळीएवढी चकती बसवली होती. तिच्यावर 96 बारीक इलेक्ट्रोड होते. हात हलवण्याचा विचार केला की तेथील पेशींचे विद्युत संदेश तारेने संगणकाकडे जात. संगणक त्यांचा अर्थ लावून यंत्राचा हात हलवत असे. त्या हाताने बाटली उचलून त्या स्वतः कॉफी प्यायल्या.

सरांनी वर्गात हे सांगितले तेव्हा मी लगेच विचारले, "सर, याने ड्रोन उडवता येईल का?"

सर म्हणाले, "अमेरिकेची डार्पा ही संस्था तसे संशोधन करते. पण तुला आधी ड्रोनच का आठवला?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर वार्षिक दिनी मिळाले.

त्या दिवशी आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी, निवृत्त मेजर, व्हीलचेअरवर आले होते. सभागृहाला चार पायऱ्या आहेत. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हालाही अभिमान वाटला. वर पोहोचल्यावर ते हळूच म्हणाले, "थँक्यू बेटा. पण मला स्वतः यायला आवडलं असतं."

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. या तंत्रज्ञानावर पहिला हक्क धडधाकट सैनिकाला अधिक बलवान करण्याचा नाही, तर जखमी सैनिकाला त्याचे स्वातंत्र्य परत देण्याचा आहे. पुण्यातील खडकी येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. अशा माणसांना दया नको असते, साधन हवे असते.

कोणी म्हणेल, हे सगळे अजून चाचणीतच आहे. खरे आहे. कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाचा धोका असतो, इलेक्ट्रोडचे संदेश काळानुसार क्षीण होऊ शकतात. म्हणून आपल्यापैकी जे डॉक्टर, इंजिनिअर होतील त्यांनी हे काम हाती घ्यावे, असे मला वाटते.

पण तोवर हातावर हात ठेवून का बसायचे? कॉफीची बाटली आणि चार पायऱ्या यांतला प्रश्न एकच आहे: माणसाला स्वतःचे काम स्वतः करता येते का? पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधायला मेंदूत चिप लागत नाही. पुढच्या वार्षिक दिनाआधी तो व्हावा, अशी प्राचार्य सरांना विनंती आहे. वाळू-विटा वाहायला आमचे हाऊस तयार आहे.

मेजर साहेब पुन्हा येतील तेव्हा त्यांना उचलायचे नाही. सॅल्यूट करून बाजूला उभे राहायचे.