गाडी माळ्यावर, बोर्ड अंगणात

मृग लागला की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद सुरू होतो. अंगणातली विजेवरची आगगाडी पावसाळ्यात चालू ठेवायची की खोक्यात भरून माळ्यावर टाकायची? आम्ही नागऱ्याचे. गोंदियाजवळचं, जुन्या शिवमंदिरामुळे ओळखलं जाणारं हे गाव. भोवती सगळी धानाची शेती, म्हणजे पाऊस किती पडतो ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात रुळांना हात लावता येत नाही इतके ते तापतात. मग पावसाळाही वगळला, तर खेळायचं कधी?

गाडी मामेभावाने आखातातून सुट्टीवर येताना आणली. दोन रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, रूळ पितळेचे. या मापाच्या बागेतल्या गाड्या जर्मनीतल्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने बाजारात आणल्या, त्या मुळात घराबाहेर चालवण्यासाठीच. मला तिची ओढ वाटली त्याचं कारण मात्र गोंदियाचंच आहे. बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी लाइन गोंदियाहून बालाघाट, नैनपूरकडे जायची. आता तिथे मोठी लाइन आहे. छोटी इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेतल्या संग्रहालयात जावं लागतं. आपल्या अंगणात तशी एक गाडी फिरावी, एवढीच माझी हौस.

आता चूक सांगतो. चूक माझीच आहे.

दुसऱ्या वर्षीचा जुलै. घरातल्या सॉकेटपासून रुळापर्यंत गाडीची वायर पुरत नव्हती. मी एक्स्टेंशन बोर्ड अंगणात ओढला, त्यात अडॅप्टर खोचला आणि दोन्हींवर पॉलिथिनची पिशवी बांधून वर वीट ठेवली. झालं काम, असं मला वाटलं. संध्याकाळी भुरभुर सुरू होती. धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा गाडी थांबली म्हणून पिशवी नीट करायला गेला आणि किंचाळून मागे पडला. असरची अजान नुकतीच झाली होती, अब्बा मशिदीकडे निघालेले, ते दारातूनच परत फिरले. अल्लाहची मेहेरबानी, पोराच्या हाताला झटका बसण्यावरच निभावलं. पण तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

रात्री घरात फैसला झाला. अम्मी म्हणाल्या, "पाऊस आणि लाइट, हा खेळ आजपासून बंद." मी मान खाली घालून गाडी खोक्यात भरली. बोलायला तोंडच नव्हतं.

पण पुढच्याच आठवड्यात काय झालं? तोच एक्स्टेंशन बोर्ड शेतातल्या मोटरला लावायला नेला. त्यानंतर एका घरगुती कार्यक्रमात मांडवाच्या दिव्यांसाठी तोच बोर्ड ओल्या जमिनीवर पसरला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. ज्या गाडीने पोराला काहीच केलं नव्हतं ती माळ्यावर गेली. ज्या बोर्डाने त्याला फेकलं तो अंगणातच राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण खेळ बंद करतो आणि धोका चालू ठेवतो.

गाडीला झटका देण्याइतकी ताकद नव्हती, असं मी का म्हणतो? आपल्या सॉकेटमधली वीज २३० व्होल्टची. रुळात सोडलेली वीज डीसी, साधारण १८ ते २० व्होल्ट, फार तर २४. एक रूळ धन, दुसरा ऋण. व्होल्टेज वाढवलं की गाडी वेगाने धावते, ध्रुव बदलले की उलटी जाते. हे रूळ हाताला लागले तर सहसा जाणवतही नाही. मधे चांगला ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो घरातल्या विजेला रुळांपासून पूर्ण वेगळं ठेवतो. म्हणून जपायची ती ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची बाजू. ती ओली झाली, तिथे ओला हात लागला, तर ओल्या कातडीतून वीज सहज शिरते. आमच्या अंगणात नेमकं हेच झालं.

मग रुळावर पाऊस पडला तर गाडी चालते का? चालते. पावसाचं स्वच्छ पाणी विजेला फारशी वाट देत नाही, एवढ्या कमी व्होल्टेजला तर नाहीच. गाडी अडवते ती घाण. रुळावर उडालेला चिखल, चिकटलेलं पान, चाकांवर साचलेला काळा थर. आणि आमच्याकडे वाणी किडे. पावसाळ्यात ते शेकड्यांनी निघतात, रुळावर येतात, चाकाखाली सापडतात आणि इंजिन जागच्या जागी घसरत राहतं. एका गोगलगाईने आमची मालगाडी पंधरा मिनिटं रोखून धरली होती. त्यात ओल्या रुळावर चाकाची पकड कमी होते, म्हणून चढ सौम्य हवा. पन्नास फुटांत एक फूट, त्याहून जास्त नको.

पितळ काळं पडतं, पण लोखंडासारखं गंजून जात नाही. खरी दुखणी सांध्यांत असतात. दोन रुळ जिथे जुळतात तिथे पाणी मुरतं आणि वीज पुढे जात नाही. सांधे स्क्रूने घट्ट आवळावेत किंवा वायर डाखून जोडावेत. रूळ मातीवर टाकू नयेत. आमच्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून मी विटांचा ओटा केला आणि वर बारीक खडी पसरली. रूळच पाण्याखाली गेले तर मात्र गाडी चालवायची नाही, कारण मोटर आणि दातेरी चाकं इंजिनाच्या अगदी तळाशी असतात. खेळ संपला की इंजिन पुसून, वाळवून, आसाला तेलाचा थेंब देऊन घरात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा चार महिने बंदच ठेवा ना. त्यांना मी माथेरानचं उदाहरण देतो. नेरळ-माथेरानची दोन फुटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. पावसात घाटात दरडी कोसळतात, रूळ वाहून जातात. २६ जुलै २००५ च्या पावसाने ती लाइन अशी उद्ध्वस्त केली की गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. म्हणून दर पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. पण वर पठारावर अमन लॉज ते माथेरान शटल पावसातही चालवतात. धोका घाटात आहे, म्हणून घाट बंद. पठारावर तो नाही, म्हणून पठार चालू. आपल्या अंगणातही घाट कुठला आणि पठार कुठलं, हे ओळखता यायला हवं.

आमच्यात अशा वेळी तवक्कुल हा शब्द फार लवकर तोंडात येतो. "अल्लाह मालिक, काही होत नाही." तिरमिझीतली हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. उंट बांधू की मोकळा सोडून भरवसा ठेवू, असं एकाने विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असं सांगितलं. पॉलिथिनच्या पिशवीवर वीट ठेवणं म्हणजे उंट बांधणं नव्हे.

मी नंतर तो बांधला, तो असा. ट्रान्सफॉर्मर घरात, जमिनीपासून उंच फळीवर. घराबाहेर जाते ती फक्त कमी व्होल्टेजची वायर. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं आणि मीटरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. वीज जमिनीकडे गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. वीज कडाडली की सॉकेटमधून प्लग आणि रुळांवरून वायर, दोन्ही काढायच्या. आणि तो जुना एक्स्टेंशन बोर्ड मी हातोडीने फोडून टाकला, म्हणजे कुणी उचलून न्यायला नको.

हे फक्त गाडीपुरतं नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली होती. दोन्हीकडे मांडव, दोन्हीकडे रोषणाई, आणि वर पाऊस. जोड दिलेल्या उघड्या वायरा कुणाचाच धर्म विचारत नाहीत. आपल्या विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात थेट करंट सोडतात, त्यात माणसं गेली आणि वाघही गेले. मशीद कमिटी असो की गणेश मंडळ, मांडव घालण्याआधी ईएलसीबी आहे का, एवढं तरी विचारा.

राहिला प्रश्न मोठ्या माणसाने खेळण्याचा. एका नातेवाइकांनी मला सुनावलं, की हा वेळेचा आणि पैशाचा इस्राफ आहे. पैशाचं बोलणं मी ऐकून घेतो. वेळेचं मान्य नाही. माझ्या पुतण्याला आज १८ व्होल्ट आणि २३० व्होल्ट यांतला फरक कळतो, तो कुठल्याही पुस्तकाने शिकवला नाही.

यंदा अम्मींनी परवानगी दिली, एका अटीवर. गाडी सुरू करण्याआधी पुतण्याने ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवायचं. तो रोज दाबतो, घरातले सगळे दिवे जातात, स्वयंपाकघरातून ओरडा येतो. मग तो बटण वर करतो आणि पावसात गाडी सोडतो.