मडगार्ड म्हणजे लेकराची खुर्ची नव्हे



आज धानाच्या भावावर नाही, तुडतुड्यावर नाही. आज स्वतःवरच लिहितो. काहींना झोंबेल. झोंबू द्या.

मळणी आटोपली, पोती घरी आली, तसे आम्ही नागपूरचं कृषी प्रदर्शन बघायला निघालो. मी, बायको, आई आणि आमचा अडीच वर्षांचा बाबू. साकोली ते नागपूर शंभरेक किलोमीटर. लोक दोन तासांत जातात, आम्हाला साडेतीन लागले. कारण बाबूला ट्रॅक्टरचं वेड. लाखनीच्या अलीकडे लाल ट्रॅक्टर दिसला, थांबा. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलाजवळ तणसाने भरलेली ट्रॉली दिसली, पुन्हा थांबा. निळा, हिरवा, लाल, सगळ्यांना तो हात करतो, 'टॅक्टल' म्हणून ओरडतो, आणि ट्रॅक्टर पुढे गेला की रडतो. शेतकऱ्याच्या घरचं लेकरू आहे, आनंदच वाटतो.

मौद्याच्या आसपास आमच्या पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली होती. डाव्या मडगार्डवर तीन-चार वर्षांचं पोर. ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा पोराच्या पोटाला. पोर पेंगत होतं. शेजारून ट्रक धाडधाड जात होते.

आई म्हणाली, "पाय गा, आपल्या बाबूसारखाच बसला हाये."

मी गप्प झालो. तिचं बरोबर होतं.

या पेजवर जे जुने आहेत त्यांना आठवत असेल. जुलैत रोवणीच्या वेळी मी एक रील टाकली होती. चिखलणी चालू, मागे केजव्हील, मांडीवर बाबू, त्याचे हात स्टिअरिंगवर. "छोटा मालक" असं काहीतरी लिहिलं होतं. या पेजवर सगळ्यात जास्त लाइक त्याच रीलला आले.

त्या रीलमध्ये नव्हतं ते आज सांगतो. बांधी बदलताना धुऱ्यावर चाक उसळलं आणि बाबू मांडीवरून बाजूला सरकला. त्याच्या शर्टाची कॉलर माझ्या हाती लागली म्हणून तो आज आहे. खाली लोखंडी केजव्हील फिरत होतं. तेवढा भाग मी कापला आणि वरचे वीस सेकंद टाकले. बायकोलाही सांगितलं नाही. तिला मौद्याजवळ सांगितलं. पुढचं नागपूर येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

ती रील काल काढून टाकली. पण ती बघून कोणी आपलं लेकरू बसवलं असेल, तर तो दोष माझाच.

आता तुम्ही कमेंटमध्ये काय लिहिणार ते मला माहीत आहे. मीही तेच म्हणत होतो.

"आम्हीपण असेच बसून मोठे झालो." झालो ना. जे पडले ते कमेंट लिहायला येत नाहीत.

"मी धरून असतो." कसा धरणार? एक हात स्टिअरिंगला, दुसरा हायड्रोलिकच्या लिव्हरला, पाय क्लच-ब्रेकवर. लेकरासाठी तिसरा हात देवाने दिलेला नाही. अचानक ब्रेक मारला की लेकरू आधी पुढे जातं, तुमचा हात मागून पोचतो.

"शेतात हळूच तर चालवतो." माझं चाक धुऱ्यावर हळूच उसळलं होतं. आणि दोन टन वजनाच्या मशीनचं मागचं चाक अंगावरून जायला वेग लागत नाही. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटर. पोर पडल्याचं कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ट्रॉलीचं चाकही निघून गेलेलं असतं.

"लेकरू शेतीपासून तुटेल." हा एकच मुद्दा खरा आहे. त्यावर खाली बोलतो.

आधी कायद्याचं. घरी जाऊन ट्रॅक्टरचं आरसी बघा, आसनक्षमता किती लिहिली आहे ते. एक. तो एक म्हणजे चालवणारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हेच धरलं, की ट्रॅक्टरवर जागा एकट्या ड्रायव्हरची, वर बसलेल्या दुसऱ्याचा भार विमा कंपनीवर नाही. कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा तो आदेश. म्हणजे शेवटी पैसा आपल्याच शेतातून जाणार. आणि रोवणीच्या घाईत पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्यांनो, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक आणि मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर नोंदणी रद्द.

ट्रॉलीचंही तेच. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ ट्रॉली तळ्यात उलटली. एका लेकराचं जावळ काढून कुटुंब आणि गावकरी देवीहून परत येत होते. पंचवीसपेक्षा जास्त माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत गेला, सात जणी गेल्या. आपण दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड ट्रॉलीत भरलं.

इंग्लंडातही शेतकऱ्याची पोरं ट्रॅक्टरवेडीच असतात. तिथे १९९८ च्या नियमांनी तेरा वर्षांखालच्या मुलाला शेतीकामातल्या ट्रॅक्टरवर बसवायलाच बंदी घातली. तिथली पोरं शेतीपासून तुटली असं कोणी म्हणत नाही.

आता तो खरा मुद्दा. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. दोन वर्षांच्या लेकराला खऱ्या बैलाच्या खुराजवळ कोणी सोडत नव्हतं. त्याच्यासाठी लाकडाचा नंदी केला, चाकं लावली, दोरी दिली, सजवला, घरोघरी नेऊन बोजारा दिला. लेकराचं बैलाचं वेड मोडलं नाही, त्याच्या मापाचा बैल केला. एवढी अक्कल आपल्या म्हाताऱ्यांना होती. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा आपण ती विसरलो.

घरी आल्यावर मी सुताराकडे लाकडी ट्रॅक्टर सांगितला आहे. मागे ट्रॉली, ट्रॉलीत मूठभर धान. आणि घरात नियम केले आहेत:

१. चालू ट्रॅक्टरवर लेकरू नाही. मांडीवर नाही, मडगार्डवर नाही, ड्रॉबारवर नाही.
२. बसायचंच असेल तर इंजिन बंद, किल्ली खिशात, रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला, हँडब्रेक ओढलेला.
३. रिव्हर्स घेण्याआधी लेकरू कोणाच्या हातात आहे ते डोळ्यांनी बघायचं. सीटवरून मागचं तीन फुटांचं पोर दिसत नाही.
४. पीटीओ चालू असताना जवळ कोणी नाही. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्टा अडकला तर सोडवायला वेळ नसतो.
५. चारचाकीतही पुढच्या सीटवर मांडीत नाही. नागपूरला जाताना बाबू आईच्या मांडीवर पुढेच होता, येताना मागे बसवला. मुलांची सीट घ्यायची आहे.

कृषी सहायक आणि केव्हीकेच्या साहेबांना हात जोडून विनंती. प्रात्यक्षिकात औजाराची खोली सांगता, डिझेल सांगता, पाच मिनिटं हेही सांगा. नव्या ट्रॅक्टरची पूजा झाली की लेकराला चालू ट्रॅक्टरवर बसवून फोटो काढणाऱ्यांना तिथेच टोका.

कोणाला वाटेल, घाबरला गडी. हो, घाबरलो. जुलैतच घाबरायला पाहिजे होतं.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी ट्रॅक्टरवाल्या लेकरांचे फोटो पाठवा, सगळे या पेजवर टाकीन. मडगार्डवरचे पाठवू नका. टाकणार नाही.