कुंडीतल्या झाडाला मे महिन्याची सुट्टी नसते

दरवर्षी जुलैत कॉलेजात वृक्षारोपण होतं. खड्डा, रोप, फोटो, स्टेटस! जिथे खड्ड्याला जागा नाही तिथे २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात लिंबू, डाळिंब नाहीतर चाफा लावला जातो. पुढे परीक्षा संपतात, कॅम्पस ओस पडतो आणि नेमकं तेव्हाच दोंडाईचाचं ऊन ४४ अंशांच्या आसपास पोचतं.

जमिनीतलं झाड मुळं खोल नेऊन ओल शोधतं. ड्रममधल्या झाडाला ती सोय नाही. त्याचं पाणी, खत, माती सगळं तुमच्या हातात. म्हणून मित्रांनो, ड्रममध्ये झाड लावणं म्हणजे ते दत्तक घेणं.

बरं, नुसतं पाणी घालूनही भागत नाही. दोन-तीन वर्षांत मुळं ड्रमच्या कडेने गोल फिरून घट्ट गुंता होतो. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून निघून जातं, पानं बारीक होतात. लोक म्हणतात, खत टाका. पण झाडाला हवी असते मोकळी, नवी माती.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की चौघांनी मिळून झाड गड्ड्यासकट बाहेर काढा. कडेची आणि तळाची मुळं साधारण पाव भाग छाटा, फांद्याही थोड्या कमी करा. आपली काळी माती एकटी भरू नका. ती भिजली की चिकट आणि सुकली की दगड. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि वाळू घ्या. तळाची भोकं मोकळी करा. नंतर आठ-दहा दिवस सावली. ड्रम हलवणं शक्यच नसेल, तर एका बाजूची माती कोरून नवी भरा, दुसरी बाजू पुढच्या वर्षी.

उन्हाळ्यात ड्रमला ओलं बारदान गुंडाळा. मिरचीच्या बाजारपेठेत ते मिळायला कितीसा वेळ? वर पालापाचोळा किंवा भुईमुगाची टरफलं पसरा. पाणी सकाळी लवकर.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात कुंडीतलं एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून ते जोपासलं जातंय. १९४५ मध्ये ते हिरोशिमात होतं, बॉम्बमधूनही वाचलं आणि १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. ज्याने ते लावलं तो कधीच गेला. माती बदलणारे, पाणी घालणारे हात मात्र एकामागून एक येत राहिले.

आपल्याकडे तेवढंच कमी आहे. यंदा एनएसएसच्या बैठकीत नवीन रोपांचा आकडा ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: मागच्या वर्षीच्या ड्रमांपैकी किती जिवंत आहेत? मग प्रत्येक ड्रमवर गावातच राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची नावं रंगवा आणि मे महिन्याच्या पाळ्या एप्रिलमध्येच लावा. उत्तर शून्य आलं, तर नवीन रोपं आणूच नका. आधी पाळ्या लावा.