दंड घातलेलं लुगडं

आजीच्या ट्रंकेत अगदी तळाला एक हिरवं इरकली लुगडं निघालं. सुती, पदर तांबडा, त्यावर पांढरे पट्टे. मधोमध आडवी शिवण. विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, याला आमच्याकडे दंड घालणं म्हणतात. मी चौतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, पण इतका सपाट दंड माझ्या हातून कधी पडला नाही. डोळ्यांना तो दिसत नाही, बोट फिरवलं की कळतो.

ते लुगडं घेऊन मी एका संग्रहालयात गेले. तिथल्या साहेबांनी उलगडून पाहिलं, शिवणीपाशी थांबले आणि घडी घालून परत दिलं. "बाई, हे जोडलेलं आहे. अखंड असतं तर विचार केला असता. घरात एखादी जुनी पैठणी असेल तर मात्र जरूर आणा."

ते जोडलेलं आहे म्हणूनच ते संग्रहालयात हवं, असं माझं म्हणणं आहे.

पैठणी टिकली, कारण ती फारशी नेसलीच गेली नाही. लग्नामुंजीला बाहेर आली आणि मलमलीत गुंडाळून पुन्हा आत गेली. रोजचं लुगडं बाईबरोबर विहिरीवर गेलं, चुलीपुढे बसलं, शेतात वाकलं. बसण्याच्या जागी ते आधी विरायचं, मग दंड पडायचा. दंडही दाद देईना झाला की त्याची गोधडी व्हायची, लेकुरवाळीचं घर असेल तर दुपटी व्हायची. गोधडी फाटली की सारवायचं पोतेरं, आणि उरलीसुरली चिंधी कंदिलाची काच पुसायला. कापड पार संपेपर्यंत वापरलं जाई. काचेमागे ठेवायला शिल्लक काय राहणार? म्हणून काचेमागे भरल्या घरांतलं रेशीम तेवढं दिसतं. एकदा सहलीला नेलेल्या सातवीतल्या मुलीनं जरीच्या साड्यांपुढे उभं राहून मला विचारलं होतं, "बाई, भांडी घासतानापण हेच नेसायच्या?" तिला उत्तर देईल अशी एकही वस्तू त्या दालनात नव्हती.

रोजच्या वस्तूंची किंमत ओळखणारा माणूस आपल्याकडे झालाच नाही, असं नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्यांचा व्यवसाय करायचे आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी वस्तुसंग्रहालय उभं केलं. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या, आणि त्यांत अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, करंडे, वजऱ्या! वजरी म्हणजे टाचा घासायची. बुडाला खरखरीत, वर मुठीला पोपट नाहीतर मोर. दिवसभर अनवाणी वावरून भेगाळलेल्या टाचांसाठी कुणा कारागिरानं पितळेचा पोपट घडवला, ही गोष्ट मला तलवारीच्या मुठीवरच्या नक्षीहून मोठी वाटते. फणेरपेटी पाहिली की मी तर हलतच नाही. झाकणात आरसा, आत फणी, कुंकू आणि मेण. आधी कपाळावर मेण लावायचं, मग त्यावर कुंकू, म्हणजे घामानं ओघळत नाही. माझी आजी शेवटपर्यंत तसंच लावायची.

या वस्तू जमवल्या गेल्या, हे फार मोठं काम झालं. पण आपल्या संग्रहालयांत अशा वस्तूंखालच्या पाट्या बहुधा धातू, ठिकाण आणि शतक सांगून थांबतात. कुणाच्या टाचा, कुणाचं कपाळ, हे नाही. तलवारीच्या मालकाचं नाव आपण धुंडाळून काढतो.

नावानं काय फरक पडतो, हे केळकरांच्याच संग्रहातली एक रजई सांगते. अमेरिकेत शिकत असताना आनंदीबाई जोशींनी तुकड्याला तुकडा जोडून ती शिवली. १८८६ मध्ये पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत मृत्यू, वय पुरतं बावीससुद्धा नाही. नाव पुसलं तर ती रंगीत तुकड्यांची एक रजई उरेल. नाव आहे म्हणून त्या टाक्यांत परमुलखातली थंडी दिसते, अभ्यास आटोपून सुई हाती घेतलेली मुलगी दिसते. तिची रजईही जोडलेलीच आहे. ती जोडलेली चालते आणि माझ्या आजीचं लुगडं चालत नाही, हे मला पटत नाही.

संग्रहालयांनी दंड घातलेली लुगडी, ठिगळाच्या चोळ्या, झिजून पातळ झालेली उलथनी मागून घ्यावीत. घेताना देणाऱ्याला बसवून विचारावं: कुणाचं, कधीचं, कशानं फाटलं, कुणी सांधलं. जागा नसेल तर निदान फोटो आणि हकिगत तरी नोंदवून ठेवावी. सुती कापडाला सोन्यासारखी तिजोरी लागत नाही. अंधार, कोरडी हवा आणि घडीची जागा अधूनमधून बदलणारा हात लागतो. आणि घरोघरच्या लेकीसुनांनी ट्रंक रिकामी करण्याआधी एक चिठ्ठी लिहावी. सांगणारी माणसं आहेत तोवरच.

मी लिहायला बसले तर आजीचं माहेरचं नावच मला ठाऊक नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं गेलं ते गेलंच. आत्याला फोन केला. तिनं आता नव्वदी ओलांडलीय. तिनं नाव क्षणात सांगितलं. मग मी दंडाबद्दल विचारलं. लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आला होता, नवं लुगडं मिळायची मारामार, तेव्हाचा तो, असं म्हणाली. मी चिठ्ठीत लिहिलं: दंड आजीनं घातला.

"खोड ते," आत्या पलीकडून म्हणाली. "तो मी घातलाय. अकरा वर्षांची होते. आईनं तीनदा उसवायला लावला होता."